ही उंची कुठून मोजली?

ऑटो मिशनवर, म्हणजे आधी आखून दिलेल्या मार्गावर आपला आपण उडायला, ड्रोन सोडायच्या आधी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्क्रीनवर दिसणारी ही उंची कुठून मोजलेली आहे? माझ्याकडे नवी मुलं-मुली शिकायला येतात तेव्हा बॅटरी, कंपास, प्रोपेलर सगळं त्यांना पाठ असतं. ॲपमध्ये हद्द आखायची, ८० मीटर उंची टाकायची, स्टार्ट दाबायचं, इथपर्यंत हात सराईत झालेला असतो. पण हे ८० मीटर कशापासून, असं विचारलं की पटकन उत्तर येतं, 'जमिनीपासून, ताई.' बारामती-इंदापूरकडच्या सपाट रानात हे उत्तर चालून जातं. आमच्या डोंगरात ते चालत नाही.

मी पाणलोटाच्या कामांचे नकाशे करते. अकोले आणि संगमनेर तालुक्यांतली गावं, मुख्यतः मुळा आणि प्रवरेच्या खोऱ्यातली. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, कुठून काढायचे, माती नाला बांध कुठे घालायचा, शेततळ्यात पाणी कुठल्या अंगाने येईल, हे ठरवायचं तर जमिनीचा चढउतार नेमका कळावा लागतो. आधी हे सगळं डंपी लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) घेऊन व्हायचं, आणि खात्री करायला मी आजही लेव्हल लावतेच. पण ड्रोनमुळे एका सकाळीत अख्ख्या उताराचे फोटो मिळतात, आणि त्यातून समतल रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा निघतो. त्यासाठी ओळीला ओळ लागून, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या वेगाने ड्रोन न्यावा लागतो. हाताने स्टिक धरून हे कुणालाही जमत नाही. म्हणून मार्ग आधी आखून देणं आलं आणि ड्रोनने आपला आपण उडणंही आलं. या मार्गाची सुरक्षितता बहुतेक सगळी आदल्या दिवशीच ठरते, मार्ग आखताना आणि त्या जमिनीवरून चालताना. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी उंचीचा हिशेब. समजा, मी गावातल्या मारुतीच्या देवळासमोरून ड्रोन उडवला. ती जागा समुद्रसपाटीपासून ६४० मीटरवर आहे. मला ज्या उताराचे फोटो हवेत तो तिथून चढत चढत ७६० मीटरपर्यंत जातो. ड्रोन उंची ओळखतो ती मुख्यतः बॅरोमीटरने, म्हणजे हवेच्या दाबावरून, आणि त्याचं शून्य असतं जिथे उडताना त्याचे पाय टेकलेले होते ती जागा. मी ८० मीटर टाकले की ड्रोन ७२० मीटरच्या पातळीवर जाणार आणि सरळ आडवा उडत राहणार. डोंगर त्याच्याकडे वर येत राहतो. उताराच्या वरच्या कडेला जमीनच ड्रोनच्या पातळीपेक्षा ४० मीटर उंच आहे. स्क्रीनवर मात्र शेवटपर्यंत ८० चा आकडा स्थिर दिसतो, आणि तोच आकडा बघून उडवणारा निर्धास्त राहतो.

ड्रोन आपटला नाही तरी काम बिघडतंच. माझ्या कॅमेऱ्यात १०० मीटरवरून साधारण १३० मीटर रुंदीची पट्टी दिसते. शेजारच्या ओळीशी ७० टक्के ओव्हरलॅप (दोन्ही फोटोंत येणारी सामाईक जमीन) हवा असेल तर दोन ओळींत ३९ मीटर अंतर ठेवायचं. आता जमीन ५० मीटरनी वर आली की पट्टी निम्मी होते, ६५ मीटरची. ओळींमधलं अंतर तेच ३९. ओव्हरलॅप उरला ४० टक्के. इतक्या कमीत सॉफ्टवेअरला फोटो एकमेकांना जोडायला पुरेशा खुणा सापडत नाहीत आणि नकाशात भोकं पडतात. नेमकी वरच्या उतारावर, जिथे आम्हाला चर काढायचे असतात.

यावर उपाय म्हणून ॲपमध्ये जमिनीप्रमाणे उंची बदलत नेण्याची सोय असते, टेरेन फॉलो म्हणतात ती. ती जरूर वापरावी, मीही वापरते. पण ही सोय कुठल्या माहितीवर चालते ते माहीत हवं. बऱ्याच ॲपमागे असते ती एसआरटीएमची उंचीची माहिती, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने मोजलेली. तिचा एकेक चौकोन ३० मीटरचा. ३० मीटरच्या चौकोनात आपल्या सह्याद्रीचा कडा मावत नाही. वरची माची आणि खालची घळ यांची सरासरी होऊन तिथे एक गुळगुळीत उतार तयार होतो. प्रत्यक्षात कड्याची धार त्या कागदी उतारापेक्षा कितीतरी वर असू शकते. शिवाय ती माहिती २००० सालची. त्यानंतर उभा राहिलेला मोबाईल टॉवर, वाढलेली निलगिरीची रांग, खाणीने कापलेला डोंगर, यातलं तिच्यात काही नाही. तारा तर नाहीतच. म्हणून मी टेरेन फॉलोवर उडवतानाही ६० मीटरच्या खाली जात नाही, आणि कडा जवळ असेल तर तो भाग मिशनमधून वगळून हाताने उडवते.

ओळींची दिशा हा माझ्या खास आवडीचा भाग. ॲप स्वतःहून जी दिशा सुचवतं ती बॅटरी वाचवणारी असते, म्हणजे लांबीच्या अंगाने कमीत कमी वळणं. डोंगरउतारावर त्यामुळे कधी कधी ओळी खालून वर, वरून खाली अशा पडतात. ४५ अंशांच्या चढावर ड्रोन सेकंदाला ५ मीटरने पुढे जात असेल तर त्याला तितक्याच वेगाने वरही चढावं लागतं. तेवढी ताकद सगळ्याच ड्रोनमध्ये नसते, आणि असली तरी बॅटरी भराभर उतरते. मी ओळी समतल रेषांना समांतर घेते. जसे चर काढायचे तशाच ड्रोनच्या ओळी. प्रत्येक ओळीवर ड्रोन जवळपास एकाच पातळीत राहतो, चढ फक्त वळणावर असतो. वळणं वाढतात, एखादी बॅटरी जास्त लागते. लागू दे.

व्हिडिओसाठी वेपॉइंट, म्हणजे मार्गावरचे ठराविक बिंदू, टाकून मार्ग आखणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. दोन वेपॉइंटमध्ये ड्रोन सरळ रेषेत जातो आणि उंचीही सरळ रेषेतच बदलतो. दोन्ही टोकं सुरक्षित असली आणि मधे डोंगराची एखादी सोंड पुढे आली असली तरी ॲपला त्याचं काही वाटत नाही. तिथे मधला वेपॉइंट आपणच वाढवायचा. दुसरं म्हणजे वळणं. चित्रण मऊ यावं म्हणून गोल वळणाचा पर्याय निवडला की ड्रोन वेपॉइंटपर्यंत जातच नाही, कोपरा आतल्या अंगाने कापतो. वेपॉइंट झाडापासून लांब ठेवला होता, पण कापलेला कोपरा बरोबर झाडावरून गेला, असं व्हायला वेळ लागत नाही. गोल वळण किती आतून जाणार ते नकाशावर झूम करून बघता येतं. बघावं.

आता तारा. डोंगरातल्या ऑटो मिशनमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी यांची असते. डीपीपर्यंत (गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) येणारी ११ केव्हीची लाईन आणि तिथून विहिरींवर गेलेल्या तारा खांबांच्या उंचीच्या, आठ-नऊ मीटरच्या. त्या आपल्या मिशनच्या खूप खाली राहतात, फक्त उतरताना-उडताना सांभाळायच्या. टॉवर लाईनचं तसं नाही. सपाटीवर टॉवर लाईन बघून तिच्या उंचीचा अंदाज येतो. डोंगरात एक टॉवर या सोंडेवर असतो, दुसरा पलीकडच्या सोंडेवर, आणि मधे दरी. तारा मधे झोळ घेतात खऱ्या, तरी दरीच्या तळापासून त्या शंभर मीटरवरही असू शकतात. आणि इथे टेरेन फॉलो आपल्या विरोधात जातं. सोंडेवर ड्रोन तारांच्या वर असतो. दरी आली की जमिनीबरोबर तो खाली येतो, आणि येतो तो थेट तारांच्या पातळीवर. टॉवरच्या सगळ्यात वरून जाणारी अर्थ वायर तर बारीक असते. कॅमेऱ्यात ती दिसत नाही, आणि पुढचे सेन्सर बारीक तार ओळखतील यावर मी एकही उड्डाण सोपवणार नाही. मॅपिंग करताना कॅमेरा खाली बघत असतो, म्हणजे समोर काय आहे ते आपल्याला स्क्रीनवरही दिसत नाही.

टॉवरचं टोक किती उंच आहे ते मोजण्याची एक साधी रीत आहे. मुळेच्या खोऱ्यात एका कामाला केली ती सांगते. ज्या बांधावरून मिशन सुरू करायचं होतं तिथूनच ड्रोन हाताने उडवला. टॉवरपासून चांगला लांब, साठ-सत्तर मीटर बाजूला नेऊन थांबवला, कॅमेरा टॉवरकडे वळवला आणि गिंबल (कॅमेरा तोलणारा सांधा) बरोबर शून्य अंशावर आणला, म्हणजे कॅमेरा अगदी आडवा. स्क्रीनवरच्या जाळीच्या रेषा चालू केल्या. मग अगदी हळू वर चढवत गेले. टॉवरचं टोक फ्रेममध्ये खाली खाली सरकत येतं. ते मधल्या आडव्या रेषेवर आलं की ड्रोन आणि टोक एका पातळीवर आहेत. त्या क्षणी स्क्रीनवर ७४ मीटर दिसत होते. म्हणजे माझ्या बांधापासून टॉवरचं टोक ७४ मीटर वर. पलीकडच्या सोंडेवरचा टॉवर तसाच मोजला, तो आणखी उंच निघाला. वहीत दोन्ही आकडे लिहिले. कुठल्याही नकाशातून मला हे आकडे मिळाले नसते, आणि ही उंची कुठून मोजली हा प्रश्नही उरला नव्हता, कारण मिशन त्याच जागेवरून उडणार होतं.

आकडे हातात आल्यावर निर्णय सोपा झाला. तारा ओलांडायच्याच नाहीत. लाईनच्या दोन्ही अंगांना पुरेशी जागा सोडून दोन वेगळी मिशन केली, आणि मधली पट्टी लेव्हल घेऊन पायी मोजली. त्या पट्टीला बरोबरच्या माणसांचा सबंध दुपारचा वेळ गेला. कुणी कुरकुर केली नाही. तारा ओलांडणं अगदीच टळत नसेल तर टॉवरच्या बरोबर वरून ओलांडावं, कारण टोकाची उंची मोजता येते, मधल्या झोळाची येत नाही.

ड्रोन परत येण्याचा मार्ग हासुद्धा आखलेला मार्गच आहे, हे फार कमी जण लक्षात घेतात. सिग्नल तुटला किंवा बॅटरी कमी झाली की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सुरुवातीच्या जागेकडे सरळ रेषेत येतो. मधे सोंड असो की टॉवर, वळसा घालायचं त्याच्या हिशेबात धरून चालू नये. म्हणून ही उंची मधल्या सगळ्यात उंच गोष्टीच्याही वर हवी. पण तिला वरूनही मर्यादा आहे. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात, विनापरवानगी १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंतच उडवता येतं. तळापासून माथ्यापर्यंत १२० मीटरचा चढ असलेला उतार एकाच मिशनमध्ये घेतला तर या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत. माथा ओलांडण्याइतका वर चढलेला ड्रोन तळाच्या जमिनीपासून मर्यादेच्या बाहेर जातो.

मी उतार पट्ट्यांमध्ये कापते. एका पट्टीत जमिनीचा चढ फार तर ६० मीटर. उडवायचं पट्टीच्या वरच्या कडेवरून, आणि परतीची उंची तिथून ५० मीटर. वरच्या कडेची झाडं पंधरा-वीस मीटरची असतात, ती सहज ओलांडली जातात. खालच्या टोकाला असताना परतीची वेळ आली तरी ड्रोन तिथल्या जमिनीपासून ११० मीटरवर राहतो. वरून उडवण्याचा दुसरा फायदा म्हणजे सगळी पट्टी डोळ्यांसमोर असते. सिग्नल तुटण्याचं मुख्य कारण मधे आलेला डोंगर, आणि वर उभं राहिलं की तो मधे येत नाही. पहाटे सामान घेऊन चढावं लागतं एवढंच. गावातलं कुणी ना कुणी वाट दाखवायला येतं, आणि त्यांच्याकडून वाटेत जे कळतं ते कुठल्याच ॲपमध्ये नसतं. कुठल्या कपारीत मोहोळ आहे, कुठल्या खिंडीतून वारं वाहतं, गेल्या वर्षी कुठे नवी लाईन ओढली.

वरून उडवलं की खालच्या ओळींवर स्क्रीनवर अगदी लहान आकडे दिसतात. ड्रोन जमिनीपासून साठ मीटर वर असतो आणि आकडा म्हणतो शून्य. ते बघून शिकाऊ मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, पण ते समजलं की उंचीचा हिशेब कायमचा डोक्यात बसतो.

याच हिशेबातली सगळ्यात फसवी जागा बॅटरी बदलताना येते. मिशन अर्धं झालं, ड्रोन परत आला, बॅटरी बदलली. तेवढ्यात सावली शोधत आपण वीस पावलं खाली सरकलेलो असतो आणि तिथूनच ड्रोन पुन्हा सोडतो. नव्या जागेवर मोटर चालू झाली की उंचीचं शून्य नव्याने धरलं जातं. जागा १५ मीटर खाली असेल तर उरलेलं सगळं मिशन १५ मीटर खालून उडतं. मी निघताना थोडी फक्की पिशवीत टाकते. मैदानावर मारतात तीच चुन्याची फक्की. पहिल्या उड्डाणाच्या जागी ताडपत्री अंथरायची आणि भोवती गोल मारायचा. त्या दिवशीचं प्रत्येक उड्डाण त्याच गोलातून. ऊन असो, चिखल असो.

दिवसाच्या पहिल्या ओळीवर मी आणखी एक करते. ड्रोन ओळीला लागला की दहाएक सेकंदांनी पॉज दाबते. तो जागच्या जागी थांबला पाहिजे. मग रिमोटचा मोड स्विच बदलून ताबा हातात घेते, थोडा बाजूला नेते, आणि मिशन पुन्हा सुरू करते. गरज पडल्यावर अंगठ्याला शोधाशोध करावी लागू नये म्हणून. स्वयंचलित उड्डाणातही माझा अंगठा पॉजच्या बटणावर असतो आणि नजर आकाशात. स्क्रीन बघायला सहकारी असतो. तो उंची, बॅटरी, उपग्रहांची संख्या मोठ्याने वाचत राहतो. एकट्याने हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचवायला एकट्या माणसाला पाठवणारे लोक आहेत आणि मला ते मान्य नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक इथल्या माणसाला सांगायला नको. थंडीत सकाळी साडेसात ते दहा हवा शांत असते. फेब्रुवारीनंतर ऊन चढलं की कातळ तापतो, दहा-साडेदहाला उतारावरून गरम हवा वर यायला लागते, आणि घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या की माझ्या दृष्टीने काम आवरायची वेळ झाली. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सोंड ओलांडून येतो तेव्हा सोंडेच्या पूर्वेच्या अंगाला तो खाली दाबतो आणि गरगरतो. ड्रोन तिथे ठरलेली उंची धरून ठेवायला धडपडतो. मार्ग आखताना शेवटच्या ओळी वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवते, म्हणजे परत येताना वारा पाठीशी असतो. जाताना वाऱ्याबरोबर भरकन गेलेला ड्रोन परतीला वाऱ्यासमोर अडकला की ३० टक्के बॅटरीसुद्धा कमी पडते. ३० टक्क्यांना मी मिशन थांबवते, ओळ अर्धी राहिली तरी.

पक्ष्यांबद्दल थोडं. हिवाळ्यात घारींची घरटी असतात, आणि शिक्रा तर आपल्या हद्दीत कुणालाच येऊ देत नाही. पक्षी अंगावर आला तर पॉज, मग सरळ वर. वर चढणाऱ्या वस्तूचा पाठलाग त्यांना जड जातो. मग लांबून वळसा घालून उतरवायचा आणि त्या सकाळी तो भाग सोडून द्यायचा. आग्या मोहोळाची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे धोका ड्रोनला नसतो, खाली काम करणाऱ्या माणसांना असतो. कड्यांच्या कपारी, जुने उंबर-पिंपळ, पाण्याच्या उंच टाक्या ही त्यांची ठिकाणं. कड्याच्या जवळून जाणारी ओळ असेल तर मी आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा बघते. काळी लोंबती पोळी दिसली की ती ओळ काढून टाकते. खाली गुरं चारणारा माणूस असतो, गवत कापणाऱ्या बाया असतात. नकाशातल्या एका कोपऱ्यासाठी त्यांना धोक्यात घालायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. व्यवसायासाठी मायक्रो उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ड्रोनची नोंदणी करून युआयएन, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, आणि नॅनो सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी विमा लागतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उंची ६० मीटरवर येते. आमच्या बाजूला काकडीचं शिर्डी विमानतळ, नाशिककडे ओझर आणि देवळालीचा तोफखाना, नगरजवळ लष्कराचं के. के. रेंज, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय मी गाडी काढत नाही. नकाशावर हिरवं असलं तरी पोलीस तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. सण, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक असेल तर स्थानिक ठाण्यात फोन करून विचारावं. अभयारण्यात, किल्ल्यांवर परवानगीशिवाय उडवू नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत मी मिशनची हद्द आखताना आतल्या बाजूला बरीच जागा सोडते, कारण ड्रोन वळण घ्यायला ओळीच्या बाहेर जातो.

पण गावात उडवताना कागदांइतकंच लोकांनाही धरून चालावं लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड, संभाजीनगरकडच्या गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून लोक जागत होते. चोर टेहळणी करतात अशी चर्चा घराघरांत होती. ती भीती खरी होती, मी ती लोकांच्या तोंडून ऐकली आहे. त्यानंतर आकाशात काही घरघरलं की माणूस आधी दचकतो. म्हणून आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना भेटायचं, नोंदणीचे कागद दाखवायचे, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ, ठिकाण आणि कारण टाकायला सांगायचं. अंधारात आम्ही उडवत नाही हेही सांगायचं. तिथेच ठरलेला प्रश्न येतो, 'मोजणीवाले का तुम्ही?' गावठाणांची ड्रोनने मोजणी झाल्यापासून लोकांना ड्रोन म्हणजे हद्द, सनद आणि अतिक्रमण असं वाटतं. बांधाचा वाद असलेला माणूस मग काळजीत पडतो. आमचं काम पाण्याचं आहे, कुणाच्या बांधाची नोंद होत नाही, हे त्याच्या अंगणात बसून सांगावं लागतं. त्यात जाणारा वेळ मी कामाचाच धरते.

आणि बाईमाणसाची गोष्ट. खेड्यात न्हाणी पुष्कळदा घरामागे असते, भिंती असतात, वर छप्पर नसतं. सकाळी सात-आठची वेळ, आमच्या उड्डाणाची आणि बायकांच्या अंघोळीची, एकच. मार्ग आखताना मी वस्त्या आणि नदीवरचे धुण्याचे घाट ॲपच्या हद्दीतून कापून काढते. वस्तीवरून जाणं अटळ असेल तर ती ओळ दहानंतर घेते, आणि आधी घरोघरी सांगते. एका वस्तीवर एका आजींनी मला विचारलं होतं, 'त्याला खालचं समदं दिसतं का गं?' मी त्यांना टॅबवर फोटो दाखवला. त्यांनी आपलं घर ओळखलं, वाळत घातलेली गोधडी ओळखली, आणि म्हणाल्या, 'मंग आधी सांगून येत जा.' तेव्हापासून आधी सांगणं माझ्या आखणीत बॅटरीच्या बरोबरीने लिहिलेलं असतं.

पोरं ड्रोनच्या खाली धावतात. त्यांना हाकलून उपयोग नसतो. एकाला स्टाफ धरायला देते, एकाला घारींवर लक्ष ठेवायला सांगते, बाकीचे आपोआप त्यांच्याभोवती गोळा होतात आणि गोलापासून लांब राहतात. घार दिसली की ती माझ्या आधी ओरडतात.

उड्डाण संपलं की त्याच संध्याकाळी लॉग, म्हणजे ड्रोनने ठेवलेली उड्डाणाची नोंद, उतरवून घ्यावा. आखलेली उंची आणि प्रत्यक्ष उडालेली उंची यांचा आलेख एकमेकांवर ठेवला की कुठे वाऱ्याने दाबलं, कुठे एसआरटीएमने फसवलं ते स्पष्ट दिसतं. ज्या जागी फरक दहा मीटरच्या वर आहे तिथे मी नकाशावर लाल खूण करून ठेवते, आणि पुढच्या कामाला ती खूण आधी बघते. मिशनच्या फाईलसोबत उड्डाणाच्या जागेचा फोटो, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि मोजलेल्या टॉवरचे आकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवते. पुढच्या वर्षी चर भरून आले का ते बघायला त्याच गावात, त्याच मार्गाने ड्रोन न्यायचा असतो, आणि तेव्हा उडवणारी मीच असेन असं नाही. तुमच्यापैकी कुणी डोंगरात टॉवर लाईनजवळ मॅपिंग करत असाल आणि उंची मोजण्याची तुमची रीत वेगळी असेल तर खाली जरूर लिहा. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना ती दाखवेन.